साठ वॅटची ज्येष्ठा

मी एकदा शंभरेक माणसांना समोर बसवून विहिरीवरचा बल्ब तारा म्हणून दाखवला. नुसता दाखवून थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी त्याचं वय सांगितलं, आकार सांगितला, तो किती लांब आहे तेही सांगितलं, आणि तो विझला तेव्हा सगळ्यांना उभं करून त्याला श्रद्धांजली वाहिली. बल्ब साठ वॅटचा होता. अंतर म्हणाल तर चालत सात मिनिटं, चपला नवीन असतील तर नऊ.

हे घडलं राहूला, माझ्या आत्याच्या गावी. आमचं घर निमोण्याचं. मी शिरूरला कॉलेजात सायन्स शिकत होतो, म्हणजे कॉलेज मला सायन्स शिकवत होतं आणि मी शिरूर शिकत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत निकालाच्या आधी घरात राहणं सुरक्षित नसे, म्हणून वडगाव रासाईवरून नदी ओलांडून मी आत्याकडं पळायचो. आत्याच्या घरी मे महिना म्हणजे सकाळी पत्र्यावर कुरडया, दुपारी आंब्याचा रस आणि संध्याकाळी मामांच्या शिव्या. मामा म्हणजे आत्याचे यजमान. ते मोटारीला, वायरमनला, उसाला आणि मला एकाच सुरात शिव्या द्यायचे. त्यामुळं कुणालाच वाईट वाटायचं नाही. रात्रंदिवस कुठल्या ना कुठल्या विहिरीवरची मोटार घूं करत असायची. ती बंद पडली की झोपलेली माणसं जागी व्हायची. आवाजानं जाग येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आवाज थांबल्यानं दचकून उठणारी फक्त तिथं.

त्या वर्षी आत्यानं माझ्यासाठी पोरगी हेरून ठेवली होती. शेजारच्या आप्पांची सुमन. आप्पा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. सोसायटीत त्यांचा शब्द, शाळेच्या कमिटीत त्यांचा शब्द आणि आमच्या आत्याच्या चहात साखर किती घालायची यावरही त्यांचाच शब्द. सुमनला मी पत्र्यावरून पाहिली होती. मी कुरडया राखायला बसलो होतो आणि चार कुरडया खाऊन झाल्या होत्या. खालून ती म्हणाली, "ओ पाव्हणं, राखणीला बसलाय का जेवायला?" एवढंच. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना असं मी लिहिणार होतो, पण त्या दुपारी मी आत्याच्या हातच्या मासवड्या अकरा खाल्ल्या हे आत्या अजून लोकांना सांगते. म्हणून ते राहू द्या. पोरगी मनात भरली होती हे मात्र खरं.

आप्पांची जावई पारखायची पद्धत सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होती. ते पत्रिका बघत नसत, जमीन बघत नसत. "कागद कुणीबी आणतंय," ते म्हणायचे. "माणूस चार लोकांत उभा करावा आन् बोलाय लावावा. दहा मिन्टात उसाचा रस कोणता आन् चोथा कोणता, समजतंय." माझ्या आधी दौंडचा एक मुलगा येऊन गेला होता. त्याला त्यांनी पारावर उभं केलं आणि रेल्वेवर बोलायला सांगितलं, कारण तो रेल्वेत लागणार होता. तो पाणी पिऊन येतो म्हणाला आणि एसटीत बसला. त्याचा रुमाल तेवढा पारावर राहिला. तो पुढं आत्याच्या घरी भांडी उतरवायला होता.

माझी पाळी आली तेव्हा आत्यानंच घोटाळा केला. "आमचा सुभाष सायन्सचा हाय," ती आप्पांना म्हणाली. "चांदण्यांचं तर त्याला समदं तोंडपाठ हाय." हे तिला कुणी सांगितलं? मीच सांगितलं होतं, कुरडया खाल्ल्याचा विषय बदलायला. आप्पांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मग शुक्रवारी चांदण्यांवरच बोलंल पोरगं. शाळेच्या माळावर. बोललं नीट तर पुढची बोलणी, न्हाईतर चहा घेऊन जाईल."

चांदण्यांबद्दल मला त्या घटकेला जे माहीत होतं ते असं : त्या रात्री असतात. पण शिरूरहून येताना पिशवीत एक पुस्तक होतं. ते मी लायब्ररीतून घेतलं होतं, कारण लायब्ररीयन पुस्तक घेतल्याशिवाय पंख्याखाली बसू देत नसे. ते मी चार दिवसांत दोनदा वाचलं. आयुष्यात दोनदा वाचलेलं ते माझं पहिलं आणि जवळजवळ शेवटचंच पुस्तक. आणि सांगतो, थक्क झालो. तारा म्हणजे पेटता वायूचा गोळा, स्वतःच्या वजनानं स्वतःच्या पोटात दाबला जाणारा, आणि त्या दाबानंच आत तापून उजेड फेकणारा. आपला सूर्य हाही ताराच, आणि ताऱ्यांच्या भावकीत मध्यमवर्गीय. काही तारे निळे-पांढरे, ते सगळ्यांत तापट आणि उधळे, लवकर संपणारे. काही पिवळे, सूर्यासारखे, बेतानं जगणारे. काही तांबडे. त्यात पुन्हा दोन जाती : बुटके तांबडे, जे कंजूषपणे अब्जावधी वर्षं मिणमिणत राहतात, आणि म्हातारे होऊन फुगलेले राक्षसी तांबडे. आणि काही श्वेतबटू, म्हणजे जळून झाल्यावर उरलेला ताऱ्याचा पांढरा गाभा, आकारानं पृथ्वीएवढा आणि वजनानं सूर्याएवढा. हे वाचून मला वाटलं, ही तर सगळी राहूचीच माणसं आहेत.

तालीम आत्यापुढं झाली, स्वयंपाकघरात. ती भाकरी थापत होती आणि मी लाटणं हातात घेऊन बोलत होतो.

"तांबडा तारा थंड असतो आणि निळा-पांढरा सगळ्यांत गरम," मी म्हणालो.

"त्यात काय नवं हाय," आत्या चुलीत फुंकर घालत म्हणाली. "निखारा इझत आला की तांबडा पडतो. भाता मारला की पांढरा होतो. ह्यासाठी शिरूरला फी भरतोस व्हय?"

हे मी भाषणात घेतलं. आत्याचं नाव न घेता. माणसानं संशोधन करावं ते असं.

पुस्तकात महिन्यावार नकाशे होते. मे महिन्याच्या नकाशात आग्नेयेला, अगदी क्षितिजाला टेकून, एक ठळक तांबडा ठिपका होता. ज्येष्ठा. राक्षसी तांबडा तारा, सूर्याच्या शेकडो पट मोठा. मी ठरवलं की भाषणाचा शेवट हिच्यावर करायचा. नकाशाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा नकाशा रात्री दहाचा आहे. बारीक अक्षर वाचायची सवय मला तेव्हा नव्हती. आता चष्मा आहे, पण सवय नाही.

शुक्रवारी आठच्या आधीच माळ भरला. पुरुष पुढं, बायका मागं, पोरं कुठंही. माझ्या विनंतीवरून शाळेचे दिवे आणि रस्त्यावरचा दिवा बंद केला होता. समोर आप्पा सतरंजीवर मांडी घालून, शेजारी मामा आणि मोटारींचं जळालेलं वायंडिंग नव्यानं भरणारे सलीमभाई. सलीमभाईंना गावात मान मोठा, कारण जळालेली मोटार त्यांच्याशिवाय कुणाच्या बापाला भरता येत नसे. बायकांत आत्या, आणि तिच्या मागं सुमन. ती ओठ दाबून बसली होती. मला वाटलं, कौतुकानं.

सुरुवात तर झकास झाली. पश्चिमेला मृग मावळायला आला होता, त्यावरचा व्याध दाखवला, निळा-पांढरा, तापट. त्याला चिकटून एक श्वेतबटू आहे, डोळ्यांना दिसत नाही, असं म्हणालो. मागून कुणीतरी म्हणालं, "दिसत न्हाई तर असूं दे की." लोक हसले, मीही हसलो. उत्तरेला सप्तर्षी दाखवले. तिकडं त्यांना बाज म्हणतात : चार चांदण्या म्हणजे म्हातारीची बाज आणि मागच्या तीन म्हणजे ती पळवणारे चोर. मी सांगितलं की मधल्या चोराला नीट पाहा, तो एकटा नाही, चिकटून दुसरी बारीक चांदणी आहे, ते जोडतारे, वसिष्ठ आणि अरुंधती. एक म्हातारी म्हणाली, "चोराची बायको बी संगं हाय म्हना की." पूर्वेला बरीच वर स्वाती होती, नारिंगी, म्हातारपणाकडं झुकलेली. निखाऱ्याचा दाखला दिला, तेव्हा पुढच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. आत्या मागून मोठ्यानं खोकली.

आणि मग मी आग्नेयेकडं वळलो. माळाच्या कडेला लिंबाच्या शेंड्याच्या जरा वर, अगदी नकाशात असावी तिथं, ज्येष्ठा. तांबडी, ठळक, गंभीर. माझ्या अंगावर काटा आला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हा माहीत नव्हती आणि समोरच्या शंभर माणसांना माहीत होती. त्या काळी शेतीची थ्री फेज लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसे. गेली की मोटार बंद, आणि आली की कुणीतरी विहिरीवर जाऊन हातानं बटन दाबल्याशिवाय ती चालू होत नसे. मग घरबसल्या कळावं म्हणून लोक विहिरीवर उंच बांबूला बल्ब बांधायचे. बल्ब पेटला की पळायचं. आप्पांची विहीर माळावर उंचावर, त्यामुळं त्यांचा बल्ब निम्म्या गावाला दिसायचा, आणि त्या डीपीवरचे, म्हणजे त्याच ट्रान्सफॉर्मरवर मोटारी असलेले सगळे लोक त्याच बल्बावर संसार करायचे. सलीमभाईंनी तो परवाच नवा लावला होता, लिंबाच्या झाडावर बांबू बांधून. आणि इतरांच्या बल्बांत मिसळू नये म्हणून तांबड्या रंगात बुडवला होता. आता मोबाइलवरून मोटार चालू होते, बल्ब गेले. आकाशाकडं धरला की तोच मोबाइल ताऱ्याचं नावही सांगतो. ही दोन्ही यंत्रं थोडी आधी निघाली असती तर मला हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

"आता सगळ्यांनी तिकडं बघा," मी हात लांब करून म्हणालो. "तो तांबडा."

शंभर माना एकदम वळल्या. त्या सबंध भाषणात एवढं लक्ष मला मिळालं नव्हतं. पुरुषांनी तर डोळे त्या ठिपक्यावर रोवले. मला कुठं ठाऊक, ते संध्याकाळपासून एक डोळा तिकडंच ठेवून बसले होते.

"हा म्हातारा आहे," मी म्हणालो. "याच्या पोटातलं जळण संपत आलंय. म्हणून हा असा तांबडा झालाय."

"सलीमभाईनं क्येलाय त्यो," एक जण पुटपुटला. मला वाटलं, मुसलमानांच्या एखाद्या जुन्या ज्योतिष्याचं मत सांगतोय. मी मान हलवून त्यालाही मोठेपणा दिला.

"हा कधीही विझू शकतो," मी आवाज खाली आणला. "आज, उद्या, हजार वर्षांनी. कुणालाच सांगता येत नाही."

"आज सव्वाआठला जायची हाय," मामा म्हणाले.

मी त्यांच्याकडं दयेनं पाहिलं. अडाणी माणूस, काय करणार. "मामा, असं तासावर सांगता येत नाही."

"सांगून गेलेत सकाळी," मामा म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडं पाहिलं.

मी पुढं बोलतच राहिलो. ज्येष्ठेच्या जागी सूर्य ठेवला तर केवढा दिसेल, आणि सूर्याच्या जागी ज्येष्ठा ठेवली तर आपण तिच्या पोटात असू, असं काहीतरी फार सुंदर मी बोलत होतो. बोट तिकडंच होतं. आणि माझ्या बोटाच्या टोकावर ज्येष्ठा विझली.

मी पुढं जे केलं त्याबद्दल मला आजही काही सांगता येत नाही. शपथेवर सांगतो, एक क्षणभरही मनात शंका आली नाही. पुस्तकात लिहिलं होतं की तारा मरताना मोठा स्फोट होतो आणि तो दिवसाही दिसतो. इथं स्फोट नव्हता. पण मला वाटलं, पुस्तक जुनं असेल. माझे डोळे भरून आले. लाखो वर्षं जळत असलेला तारा माझ्या भाषणात मेला होता. अशी संधी आजवर कुणाला मिळाली असेल?

"मंडळी," मी म्हणालो. "आपण आत्ता जे पाहिलं ते कुणी पाहिलं नाही. तो गेला. सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळूया."

लोक उभे राहिले. शंभर माणसं, टोप्या काढून, विझलेल्या बल्बासाठी. पोरंसुद्धा गप्प. लांब कुठंतरी मोटारींचा आवाज थांबला होता, आणि त्या शांततेत मला वाटलं की सारं विश्व माझ्याबरोबर उभं आहे. पुढं आठवड्यानं कळलं, लोकांना वाटलं की लाईट गेल्यावर उभं राहायची शिरूरला पद्धत असेल.

दीड मिनिट झालं असेल. ज्येष्ठा पेटली.

"आली," कुणीतरी म्हणालं. आणि माळावरचे सगळे पुरुष पळत सुटले. जो तो आपापल्या विहिरीकडं. आप्पा धोतराचा सोगा खोचून सगळ्यांच्या पुढं, मामा त्यांच्या मागं, वायरमनला शिव्या देत, सलीमभाई एका हातात चप्पल घेऊन. मी हात वर करून ओरडलो, "घाबरू नका, काही होणार नाही." कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. माळावर बायका, पोरं, सतरंज्या आणि मी उरलो. मला वाटलं, मी माणसांना विश्वाचं भय दाखवलं, ते मी एवढ्या ताकदीनं दाखवायला नको होतं.

सुमन उठून पुढं आली आणि पदरानं तोंड झाकून परत जाऊन बसली. तिचे खांदे हलत होते. मी आत्याला म्हणालो, "रडतीय ती." आत्यानं मान खाली घातली. तिला बोलता येत नव्हतं.

अर्ध्या-पाऊण तासानं पुरुष परत आले, पायाला चिखल लावून, समाधानानं. आप्पा माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आतापर्यंत आप्पांनी कुणाच्या पाठीवर हात ठेवलेला मामांनी पाहिला नव्हता.

"पोरा," आप्पा म्हणाले, "लई झ्याक बोललास. आन् त्यो दृष्टांत. म्या इतकी कीर्तनं ऐकली, पर माझ्याच विहिरीवरचा बल्ब धरून एवढं ग्यान सांगितलेला बुवा न्हाई बघितला. गेलेला बल्ब आन् मेलेला तारा. वा."

मी "हो" म्हणालो. मग ते वाक्य कानांतून हळूहळू आत उतरलं. मी लिंबाच्या शेंड्याकडं पाहिलं. आता बांबूही दिसला.

बघा, मी तिथं गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. पुरुषांपैकी कुणालाच काही कळलं नव्हतं. बल्बाचा दृष्टांत देणारा हुशार जावई म्हणून मी घोड्यावर बसलो असतो. मी गप्प बसायचं ठरवलंही. चेहऱ्यावर दृष्टांत देणाऱ्या माणसाचं हसू आणलं आणि मान थोडी वाकवली.

तेवढ्यात मागून सुमनचा आवाज आला. "पाव्हणं, बल्ब समजला. मग त्या बल्बाच्या शेजारी दुसरा तांबडा उगवलाय, त्यो काय हाय?"

सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. बांबूच्या हातभर डावीकडं, क्षितिजातून नुकतीच वर आलेली, तांबडी, खरीखुरी ज्येष्ठा. हीच ती, जिच्यासाठी मी चार दिवस घासलो होतो. पण मी एकदा पोळलेला माणूस. मी क्षणाचाही विचार न करता ठामपणे म्हणालो, "तो पलीकडच्या वस्तीवरचा बल्ब असेल."

मग सलीमभाई हळूच म्हणाले, "त्या अंगाला वस्ती न्हाई, सुभाष. लायनीचा एक खांबबी न्हाई. म्या सांगतो ना."

"मग गुऱ्हाळावरचा," मी म्हणालो.

"गुऱ्हाळ ह्या बाजूला हाय," आप्पा म्हणाले. त्यांचा हात अजून माझ्या पाठीवर होता. तो आता त्यांनी काढून घेतला. "पोरा, माझ्याकडं बघ. मघाशी बोट दावलंस, तवा तुला त्यो बल्ब हाय हे ठावं हुतं का न्हाई?"

आता आप्पांपुढं खोटं बोलायचं म्हणजे दौंडच्या मुलासारखं एसटीत बसायचं. आणि राहूतून त्या वेळी एसटीही नव्हती. मी सगळं सांगितलं. नकाशा सांगितला, बारीक अक्षर सांगितलं, श्रद्धांजली मनापासून होती हेही सांगितलं. तो पलीकडचा तांबडा ही खरी ज्येष्ठा आहे, हे सांगताना तर मला माझीच लाज वाटली, कारण खरं बोलत असूनही कुणाचाच विश्वास बसत नव्हता. मामा तोंड फिरवून उभे राहिले. आत्यानं रुमालानं डोळे पुसले, आणि हसू दाबून दाबून तिला उचकी लागली.

मग आप्पांनी सगळ्या माळासमोर मागं वळून विचारलं. त्या काळी पोरीला असं चारचौघांत विचारत नसत, पण आप्पा जावईसुद्धा चारचौघांतच पारखायचे.

"सुमे, तुझं काय म्हननं हाय? घालवू का ह्याला चहा पाजून?"

सुमननं एकदा बल्बाकडं पाहिलं, एकदा ज्येष्ठेकडं आणि शेवटी माझ्याकडं.

"ठिऊन घ्या, आप्पा," ती म्हणाली. "ह्यांना खरं काय ते ठावं नसतं, आन् खोटं बोलाया येत न्हाई. असलं माणूस सांभाळाय सोपं."